सातव्या आकड्यापाशी

तलावाच्या बांधाला दगडी पट्टी हाय, पाटबंधाऱ्याची.
आकडे कवाच पुसलेत,
मी ते बोटानं वाचतो.
ओली रेघ संपली की तिथं आजचं पाणी.
वहीत लिहितो: नऊ, वर दोन बोटं.
मग कातर घेऊन वेलीकडं.

नाशकाची पोरगी हसली परवा,
वायनरीत रस तपासायला आलीया नवी.
"काकू, बाई असून 'लिहितो' म्हणता?"
म्हणलं, आमच्या कोल्हापुराकडं
बाई आलो म्हणते, गेलो म्हणते,
कुणाचं काय अडत न्हाई.
तिनं ते बी लिहून घेतलं.

हितं आधी ऊस होता.
रात्री लाईट आली की मोटर,
आणि सकाळी सरीत पाणी नुसतं बसलेलं,
म्हशीगत, उठायचं नाव न्हाई.
एप्रिलात तलावाच्या तळाला
पोरं क्रिकेट खेळायची.

मगदूमांच्या बाहुबलीनं ऊस मोडला
तवा गावानं त्याला येड्यात काढलं.
त्यात द्राक्षं. त्यात ती खायची बी न्हाईत.
आणि ह्यांच्या घरात दिवस मावळला की चूल बंद!
त्याच्या आईनं दारूचं अवाक्षर काढलं न्हाई.
एवढंच इचारलं,
"जीव किती मारावं लागतील?"

बाहुबली दोन दिवस बोलला न्हाई.
मग ओळींच्या मधी ताग पेरला,
वेलीच्या बुडाला उसाचंच पाचट टाकलं,
शेणाच्या काल्याचं पिंप भरलं
आणि माळाच्या कडंनं बांबू रोवलं, आडव्या काठीचं.
रात्री त्यावर घुबड बसतं.
घुबड उंदीर खातं.
त्याचा हिशोब आईनं मागितला न्हाई,
घुबडाचं घुबडापाशी.

एका सालात केवडा आला,
पानाखाली पांढरी बुरशी, सकाळी बघावं तर घड काळं.
तिसरा हिस्सा गेला.
आई म्हणाली, त्येनं खाल्लं, आपुन न्हाई.
बाहुबली हसला न्हाई त्यावर.

औंदा फेब्रुवारीतच पाणी खाली आलं.
आमचा करार हाय गावासंगं, कागदावरचा:
सातच्या खाली तलाव गुरांचा,
धुण्याच्या बायकांचा,
आणि ते लांब पायाचं पाखरू येतंय त्याचं.
तोडणीला दहा दिस राहिलं होतं.
सन्मती, धाकला, बांधावर आला संध्याकाळी,
चप्पल हातात, आवाज खाली.
"मावशी, आज साडेसात लिहा की.
चार तास मोटर चालू दे. मणी आकसाय लागलंत."
लहानपणी ह्याला मीच कडंवर घेऊन फिरवलाय.
पेन्सिल त्याच्या डोळ्यांम्होरं धरली.
बोट पट्टीवर होतं, वल्लं होतं,
बोटाला साडेसात लागत न्हवतं.
सात, लिहिलं.

दहा दिस मोटर मुकी.
ती बंद झाली तसं पाखराचं पाय
पाण्यात वाजलेलं बी ऐकू यायचं.
मणी हरभऱ्याएवढं राहिलं,
साल जाड, रंग जांभळाचा,
आणि पोरीच्या काचेत काटा चोविसाच्या वर.
"काकू, पाण्यानं ताणलं म्हणून!"
ती टाळ्या पिटत होती, सन्मती मोबाईल बघत होता.
टनात मात्र माल निम्म्यानं कमी भरला,
हे बी लिहिलं पायजे.

पिळून उरलेला चोथा आम्ही
परत त्याच वेलींच्या बुडाला घातला.

मग एक दिस पोरीनं पेला दिला. घोटभर.
जिभेला चिंच लागली, तापलेली तार,
आणि मागनं कायतरी, बांधावरच्या दगडासारखं.
"गोड का न्हाई गं? एवढी साखर होती."
"ती यीस्टनं खाल्ली, काकू."
"ते कोण?"
"जीवच. डोळ्याला दिसत न्हाईत. कोट्यवधी."
"मग आता कुठं हायत?"
पोरीनं टाकीच्या तळाकडं बोट दाखवलं.
"साखर संपली की मरतात. गाळ होऊन बसतात."

पेला खाली ठेवला.
वर घरात मगदूमांची आई
दिवस बुडायच्या आत भाकरी मोडत असंल.

तिला हे सांगितलं न्हाई.
वहीत बी न्हाई.
वहीत त्या दिवशीचं पाणी हाय फक्त:
सहा, वर तीन बोटं.